एक हात अंतर, हळू आवाज

नाही, तुम्हीच सांगा मला, माणसाच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात बोलणं हा काय गुन्हा आहे? नोकरी होती ती माझी! बावीस वर्षं दुसरं केलंय काय मी? एक हात अंतर, पाठीमागून, हळू आवाजात. नियम आहे तो. मी नाही केलेला, छापील आहे, चौकटीत आहे, माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे... म्हणजे होता. आता काच पण त्यांची, टेबल पण त्यांचं, आणि मी आपला तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. तिथे एक बरं आहे, कुणाला काही ऐकू जातं की नाही हे बघावं लागत नाही.

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही पण आमच्या हिच्यासारखं म्हणाल, ‘चूक तुमचीच असणार.’ माझीच होती, ते निराळं. पण आधी ऐकून तर घ्या!

मी कान तपासतो. तपासायचो. दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला बोळ, बोळात लांबलचक बाक, बाकासमोर खोली नंबर चार, आणि खोलीत मी. माझं नाव कुणाला माहीत नाही, सगळे ‘कानवाले’ म्हणतात. बाजारात भाजी घेत असलो तरी मागून हाक येते, ‘अहो कानवाले!’ आणि सगळा बाजार वळून माझ्या कानांकडे बघतो. बरं, कान माझे अगदी साधे, चारचौघांसारखे. तर ज्याला गाडीचा परवाना हवा, ज्याला यंत्रावर काम हवं, ज्याला पहाऱ्याची नोकरी हवी, तो आधी माझ्याकडे येणार. मी कान बघणार, ऐकू किती येतं ते बघणार, तोल बघणार, कारण तोल कानात असतो, माहीत होतं का तुम्हाला? कुणालाच नसतं. माणसं पायांना नावं ठेवतात, पाय बिचारे काय करतील, वरून हुकूमच चुकीचा आला तर? आणि हे सगळं बघून झालं की शिक्का. ‘श्रवण उत्तम, तोल उत्तम.’ बावीस वर्षांत एक तक्रार नाही! आता कळलं, ती का नव्हती. तक्रार करणार कोण, सगळेच पास होत होते.

तर मागच्या महिन्यात वरच्या ऑफिसातून पत्र आलं. तपासणाऱ्यांची तपासणी होणार! म्हणजे मी तपासणार, आणि मी कसा तपासतो ते एक डॉक्टरीणबाई कोपऱ्यात बसून तपासणार. समाधान झालं तर खोली नंबर चार माझी, नाही झालं तर तळघर. आणि शेवटी बारीक अक्षरात, ‘पेशंट स्वतः आणावा.’ आता पेशंट काय घरी पाळून ठेवलेले असतात?

भांडारवाल्याला विचारलं, तो म्हणाला, ‘कानात कुणी काही घातलेलं मला खपत नाही.’ एक्सरेवालीला विचारलं, ती म्हणाली, ‘आज कान बघाल, उद्या म्हणाल, मी ऐकतच नाही.’ मुलीवर घरी तालीम केली, तिला म्हटलं, पाय जुळव, हात खाली, डोळे मीट, तर हातातला मोबाइल काही सुटेना, मिटल्या डोळ्यांनी टाइप करत होती! आणि आमची ही... हिला विचारायचीच सोय नाही. ‘आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीत, आणि माझे कान तपासता?’

मग मला एकदम सुचलं. बाबा! आपले बाबा असताना बाहेर कशाला शोधायचं? वय अठ्ठ्याहत्तर, पण कान ठणठणीत. कशावरून? माझ्या सर्टिफिकेटवरून! दरवर्षी मीच तपासलेत. आधी त्यांच्या नोकरीसाठी आणि नंतर आपलं माझ्या समाधानासाठी.

आमच्या बाबांनी अडतीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढली, करवतीच्या यंत्रावर. त्या यंत्राचा आवाज... काय सांगू, लहानपणी डबा द्यायला जायचो, तर फाटकापासूनच दात खुळखुळायला लागायचे. आत सगळे कामगार एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचे. नुसते ओठ हलायचे, आणि हसायचे सगळे! मला वाटायचं, यांचं काहीतरी गुपित आहे. बघा, वयाच्या आठव्या वर्षी माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं, आणि मी पुढे जाऊन कानवाला झालो. म्हणजे मला दोष देऊ नका असं नाही, द्या, पण किती देणार?

आई गेली, त्यानंतर तीन वर्षं बाबा एकटेच राहिले, वखारीमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत. सकाळी स्टूल करायचे, दुपारी स्टूल करायचे. गल्लीत प्रत्येक घरी बाबांचं स्टूल आहे, काही घरी माणसांपेक्षा स्टुलं जास्त. पण एकटा माणूस, वय झालेलं, मला चैन पडेना. सहा महिन्यांपूर्वी मी त्यांना आमच्याकडे आणलं. जबरदस्तीनं नाही हां! विचारून. व्यवस्थित विचारलं. ते खिडकीशी उभे राहून फळीवर रंधा मारत होते आणि मी मागे उभा होतो. खरं सांगायचं तर तोंडावर विचारायला जीभ रेटेना. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाकडे काही मागितलं नाही, त्याला काय म्हणायचं, तुमचं घर सोडा? म्हणून मागूनच म्हटलं, ‘बाबा, आमच्याकडे येता का राहायला? कायमचे? तुमच्या मनात असेल तरच.’ त्यांनी मान हलवली. हो! मला तर रडूच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात.

आणि आमच्याकडे आल्यापासून जे बसलेत ते फ्रिजशेजारच्या खुर्चीत. बोलणं नाही, चालणं नाही. मी ऑफिसातून येतो, बूट काढता काढता विचारतो, ‘काय बाबा, बरंय ना?’ उत्तर नाही. मी म्हणायचो, तुसडे झालेत, वयानं होतं माणसाचं तसं. तर ही पहिल्याच आठवड्यात म्हणाली, ‘अहो, बाबांना ऐकू येत नाही.’ मी म्हटलं, ‘मी तपासलेत!’ ही म्हणाली, ‘मी समोर बसून बोलले की उत्तर देतात, ओट्याकडे तोंड करून बोलले की नाही देत.’ मी म्हटलं, ‘ओट्याकडे तोंड करून तू जे बोलतेस, त्याला मी पण उत्तर देत नाही.’ ही म्हणाली, ‘एकदा नीट बघा तरी.’ मी उठलो, कपाट उघडलं, सर्टिफिकेट काढलं आणि हिच्या हातात दिलं. श्रवण उत्तम! खाली सही कुणाची? माझी! मग विषयच संपला. सहा महिने संपलेला होता.

आला तो दिवस. बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला, हिनं निघताना त्यांना समोर बसवून काहीतरी सांगितलं, बाबांनी मान हलवली. दवाखान्यात आलो, त्यांना बाहेर बाकावर बसवलं, कारण बाई यायच्या होत्या, आणि मी आत जाऊन सगळं पुसून घेतलं. टेबल पुसलं, खुर्ची पुसली, कानात बघायची बॅटरी पुसली, काचेखालचा नियम काच उचलून पुसला.

बाई आल्या. मला वाटलं होतं चांगली दणकट, कडक बाई असेल. या एवढ्याशा, मऊ आवाजाच्या, हातात पेन्सिल. माणूस ओरडला की बरं वाटतं हो, कळतं कुठे उभे आहोत. या नुसत्या ‘हं’ म्हणायच्या. मी नमस्कार केला, ‘हं.’ पंखा लावू का, ‘हं.’ आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहायच्या! पंख्याबद्दल काय लिहायचंय?

बाबांना आत घेतलं. पहिली पायरी, विचारपूस. समोर बसून विचारायची. ‘कान दुखतो?’ ‘नाही.’ ‘कानातून पाणी, पू?’ ‘नाही.’ ‘कानात आवाज येतात?’ ‘नाही.’ ‘चक्कर, गरगर, चालताना झोक जातो?’ ‘नाही.’ कशी खणखणीत उत्तरं! मी बाईंकडे बघितलं, म्हणजे बघा, कसा पेशंट आणलाय. ‘हं.’

दुसरी पायरी, कान बघणं. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मी ओढला. बाबा म्हणाले, ‘अरे हळू, पिरगाळतोस काय?’ आता काय बोलणार? याच बाबांच्या हातांनी माझा कान चौथीपासून नववीपर्यंत पिरगाळला गेलाय, तेव्हा कुणी कोपऱ्यात बसून लिहून घेतलं नाही. बॅटरी लावली, आत बघितलं. केस भरपूर, मळ जरासा, पडदा चांगला चकचकीत. बाईंना पण दाखवला. त्यांनी बघितला, आणि पहिल्यांदा दोन शब्द बोलल्या. ‘पुढे चला.’

तिसरी पायरी! माझी पायरी! यात मला कुणी हरवू शकत नाही, असा माझा समज होता. पेशंटनं एका कानावर बोट दाबायचं, आपण त्याच्या मागे जायचं, म्हणजे त्याला आपले ओठ दिसत नाहीत. श्वास पूर्ण सोडायचा, आणि तीन आकडे कुजबुजायचे. पेशंटनं ते परत म्हणायचे. मी मागे गेलो. एक हात अंतर, पाठीमागून, हळू आवाजात. श्वास सोडला. तोंड उघडणार...

‘सात, दोन, नऊ,’ बाबा म्हणाले.

मी तोंड मिटलं. बाईंची पेन्सिल थांबली. ‘तुम्ही काही बोललात?’ मी म्हटलं, ‘बोलणारच होतो.’ ‘हं. दुसरा कान बघा.’ बाबांनी बोट बदललं, मी बाजू बदलली, आता म्हटलं घाई करायची, नुसता श्वास घेतला तेवढ्यात, ‘चार, एक, सहा!’ आणि वर बाबा मागे वळून माझ्याकडे बघून हसले. शाबासकी हवी होती त्यांना!

बाई उठल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘वेगळे आकडे घ्या.’ वेगळे? तुम्हाला सांगतो, मला सुचेनात! बावीस वर्षं तेच म्हणतोय मी, उजव्या कानाला सात-दोन-नऊ, डाव्या कानाला चार-एक-सहा, आता एकदम दुसरे कुठून आणू? कसेबसे काढले, तीन, आठ, पाच. कुजबुजलो. बाबा गप्प. पुन्हा कुजबुजलो. गप्प. आवाज चढवला, नियम मोडला, नेहमीसारखा बोललो, ‘तीन, आठ, पाच!’ बाबांनी जरा विचार केला, आणि हळूच म्हणाले, ‘सात, दोन, नऊ?’

बाईंनी दार उघडलं. बाहेर बाकावर अकरा माणसं. बाई त्यांना म्हणाल्या, ‘सात, दोन...’ आणि अख्खा बाक एका सुरात म्हणाला, ‘नऊ!’

एका सुरात! बोळाच्या टोकाला फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या, त्या पण म्हणाल्या! आणि बाकावरचे मामा... बाकावरचे मामा म्हणजे एक गृहस्थ आहेत, दर आठवड्याला कुणाला ना कुणाला घेऊन येतात, मला वाटायचं माणूस सेवाभावी आहे. ते उठून पुढे आले आणि बाईंना समजावून सांगायला लागले, ‘बाई, नवीन दिसता. पहिल्या कानाला सात-दोन-नऊ, दुसऱ्याला चार-एक-सहा. उलटं करू नका हां, उलटं केलं की कानवाले नापास करतात. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवतो.’

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण आमच्या बोळाची फरशी नवीन बसवलेली.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. काचेवर पेन्सिल टेकवली. ‘हे वाचा.’ मी वाचलं. ‘एक हात अंतर, पाठीमागून, हळू आवाजात तीन आकडे म्हणावेत.’ ‘पुढे वाचा.’ पुढे होतं, ‘उदाहरणार्थ, सात, दोन, नऊ.’ ‘त्याच्या आधी कुठला शब्द आहे?’ आहे हो, उदाहरणार्थ आहे! मला काय माहीत? नोकरीच्या पहिल्या दिवशी वाचलं, पाठ केलं, सरकारी कागदावर आकडा छापलाय तर तोच म्हणायचा असणार, दुसरा म्हटला आणि कुणी विचारलं तर? बाई म्हणाल्या, ‘बावीस वर्षं?’ मी म्हटलं, ‘हं.’ आता ‘हं’ म्हणायची पाळी माझी होती.

आणि डोळ्यांसमोर सगळे शिक्के उभे राहिले. दोन बसचालक. एक रेल्वेफाटकवाला. अग्निशमन दलातला घंटेजवळ बसणारा. आणि एक गाण्याच्या परीक्षांचे परीक्षक, अहो, ते तर गेल्या वर्षी मला म्हणाले होते, ‘हल्लीची मुलं फार हळू गातात!’

पण परीक्षा संपलेली नव्हती. चौथी पायरी, ट्युनिंग फोर्क. लोखंडी चिमट्यासारखा असतो, तळहातावर आपटला की घुंऽऽ करतो. मी आपटला, बाबांच्या कानामागच्या हाडावर टेकवला. ‘आवाज येतोय?’ ‘येतोय.’ ‘थांबला की सांगा.’ थांबला, कानासमोर धरला. ‘आता?’ ‘येतोय.’ मला जरा धीर आला. म्हटलं, थोडं तरी ऐकू येतंय. बाई म्हणाल्या, ‘द्या इकडे.’ त्यांनी फोर्क घेतला, आणि आपटलाच नाही. तसाच, मुका, बाबांच्या कानापाशी धरला आणि भुवया उंचावून विचारलं. बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, ‘येतोय. छान येतोय. अगदी स्पष्ट.’

माझी नोकरी वाचवत होते हो ते. हिनं सकाळी समोर बसवून तेच सांगितलं होतं त्यांना, आज तुमच्या मुलाची परीक्षा आहे. अडतीस वर्षं करवतीपुढे उभं राहून माझं शिक्षण केलं त्या माणसानं, त्यात कान गेले त्याचे, आणि तो मला सांगतोय, छान येतोय. मला तिथेच बसावंसं वाटलं. पण पाचवी पायरी राहिली होती.

पाचवी पायरी, तोल. पेशंटनं पाय जुळवायचे, हात खाली, डोळे मिटायचे, तीस सेकंद. आपण जवळ उभं राहायचं, दोन्ही हात त्याच्या दोन बाजूंना पसरून, पडला तर धरायला. पण पडेपर्यंत हात लावायचा नाही. लावला की तपासणी रद्द. मी बाबांना समोरून सगळं सांगितलं, त्यांनी मान हलवली, पाय जुळवले, डोळे मिटले. मी हात पसरले. बाई घड्याळ बघायला लागल्या.

आणि बाबा उभे. खांबासारखे उभे! इकडे नाही, तिकडे नाही. डुलत होतो मी. तीस सेकंद झाले. बाई म्हणाल्या, ‘झालं.’ मी म्हटलं, ‘बाबा, झालं, उघडा डोळे.’ बाबा उभेच. ‘बाबा, उघडा!’ उभेच. आता तुमच्या लक्षात आलं ना? डोळे मिटले की ओठ दिसत नाहीत. ओठ दिसले नाहीत की बाबांच्या जगात कुणीच नाही. मी ओरडलो, ‘बाबा!’ बाहेरचा बाक दारात जमा झाला, मावशी फडकं घेऊन आल्या, आणि बाबा शांतपणे डोळे मिटून उभे, कुणी सांगेल तेव्हा उघडू म्हणून. एक मिनिट. दोन मिनिटं. मी आपला त्यांच्याभोवती हात पसरून उभा. हात लावायचा नाही. कळत्या वयापासून मी बाबांभोवती कधी हात टाकलेले नाहीत, तशी पद्धतच नाही आमच्याकडे, आणि आता टाकलेत तर नियम म्हणतो, लावायचे नाहीत!

तेवढ्यात मला ती खिडकी आठवली. ती फळी, तो रंधा, आणि मागे उभा राहून बोलणारा मी. किती अंतर होतं? मोजून एक हात. पाठीमागून. हळू आवाजात.

मी हात लावला. नियम गेला खड्ड्यात. बाबांच्या दोन्ही खांद्यांना धरलं. त्यांनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पास ना माझा मुलगा?’

बाईंनी लिहिलं ते मी वाचलं. पेशंटचं, ‘श्रवण, दोन्ही कानांनी अत्यंत मंद. तोल, उत्तम.’ माझं, ‘असमाधानकारक.’ त्याखाली आणखी एक ओळ, की मी आजवर पास केलेल्या सगळ्यांना फेरतपासणीसाठी दूरध्वनीनं बोलावून घ्यावं. मी म्हटलं, ‘बाई, फोन करीन हो, पण उचलणार कोण?’ बाई हसल्या नाहीत. हसायला काय झालं होतं? पण एक चांगलं केलं त्यांनी, बाबांचं नाव कानाच्या यंत्रासाठी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. नंबर दोन महिन्यांनी येईल म्हणाल्या.

बाहेर आलो. बाक रिकामा झाला होता, मामा तर सगळ्यांत आधी पसार. बाबांना बसवलं आणि मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो, उकिडवा, म्हणजे तोंड बरोबर त्यांच्या नजरेसमोर. आणि विचारलं. ‘बाबा, ते आकडे तुम्ही का म्हणायचात?’

बाबा म्हणाले, ‘का म्हणजे? बाकावर सगळे तसंच सांगायचे. मला वाटलं, तिथे तसं म्हणायची पद्धत आहे.’

‘आणि ऐकू येत नाही, हे मला का नाही सांगितलंत?’

‘अरे, तू दरवर्षी कागद देत होतास ना, कान उत्तम म्हणून? सगळे जपून ठेवलेत मी. आपला मुलगा सांगतोय म्हणजे कान उत्तमच असणार. मला वाटलं, हल्ली माणसंच हळू बोलायला लागलीत.’

आता याच्यावर काय बोलणार तुम्ही? पण एक विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारल्यावाचून उठायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, ‘बाबा, सहा महिन्यांपूर्वी खिडकीशी मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही हो म्हणालात...’

‘कधी?’

‘रंधा मारत होतात तेव्हा.’

‘तू काहीतरी म्हणालास खरं,’ बाबा म्हणाले. ‘पाठीला जाणवलं मला. म्हटलं, जेवलात का विचारत असशील. म्हणून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला.’

‘मग टेम्पो आल्यावर तरी विचारायचंत!’

‘विचारणार होतो. पण तू एवढा खूश दिसत होतास.’

सहा महिने! सहा महिने तो माणूस फ्रिजशेजारी बसून होता, कुणी सांगेल तेव्हा डोळे उघडू म्हणून. मी ओठ नीट हलवत, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं विचारलं, ‘बाबा, तुम्हाला आमच्याकडे राहायचंय, की तुमच्या घरी?’ मनात आपलं चाललेलं, म्हणतील, आता राहिलोच आहे तर राहतो. सून चांगली आहे, नात आहे, फ्रिज आहे. बाबांनी विचारसुद्धा केला नाही हो. ‘घरी,’ म्हणाले. आणि मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, ‘तुझ्याकडे छान आहे. अगदी छान आहे.’ तो मुका फोर्क छान वाजत होता ना, तसंच.

हिला घरी येऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता ही म्हणणार, मी सांगत नव्हते? सहा महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर काढणार. काही बोलली नाही. उठली, कपाटातनं ते सर्टिफिकेट काढलं आणि माझ्या हातात दिलं. बस्स. मला वाटतं, बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारी पोचवायला गेलो. तोच टेम्पो, तीच ट्रंक, आणि वर नवीन भर फ्रिजशेजारच्या खुर्चीची, हिनं हट्टानं दिलेली. वाटेत मी सगळं ठरवून ठेवलं होतं. उतरल्यावर समोर उभं राहायचं, नजरेला नजर द्यायची, तोंड नीट उघडायचं, आणि म्हणायचं, ‘बाबा, मी चुकलो, मला माफ करा.’ सोपं आहे. सहा शब्द. टेम्पोत पाठ केले, पाठांतराची सवय आहे मला.

उतरलो. बाबा पुढे गेले, किल्ली काढली, सहा महिन्यांचं गंजलेलं कुलूप, वाकून खटपट करायला लागले. मी मागे, दोन हातांत दोन पिशव्या. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यांची ती पाठ बघितली, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, ‘बाबा, मी चुकलो, मला माफ करा.’

आणि बोलून झाल्यावर बघतो, तर एक हात अंतर. पाठीमागून. हळू आवाजात.

बाबांनी मान हलवली. हो.

आता ती माझ्यासाठी हलवली, की कुलूप उघडलं म्हणून हलवली, देव जाणे. समोर जाऊन पुन्हा बोलायला हवं होतं, कळतं हो मला, एवढं तर आता मलासुद्धा कळतं... पण समोर दार होतं.